मदत हवी आहे: डोनेपेझिल आणि लघवी धरून ठेवायची गोळी एकत्र

आईला (७४) अल्झायमर आहे, त्यासाठीची डोनेपेझिल ५ मिग्रॅ चालू होती ती दीड महिन्यापूर्वी १० मिग्रॅ केली, तेव्हापासून लघवी धरवत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली आणि आता ती आधीपेक्षा जास्त गोंधळतेय. डोनेपेझिल कोलिनएस्टरेज या एन्झाइमला अडवून असिटिलकोलिन (स्मरणशक्तीला लागणारं मेंदूतलं रसायन) वाढवते आणि ही दुसरी त्याचंच काम अडवते, म्हणजे एका हाताने द्यायचं नि दुसऱ्याने काढून घ्यायचं! युरिन टेस्ट केली, इन्फेक्शन नाही, शुगर नॉर्मल. मनाने काही बंद केलेलं नाही, न्यूरोची अपॉइंटमेंट १२ दिवसांनी आहे, त्याआधी फोन करणारच आहे. कुणाच्या घरी असं झालंय का, तेव्हा डॉक्टरांनी डोनेपेझिल परत ५ वर आणली की लघवीची गोळी बदलून मिराबेग्रॉन दिली, आणि गोंधळ कमी व्हायला किती दिवस लागले?