चाळणीपेक्षा जास्त काही

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, असं बरेचदा म्हटलं जातं. ते अर्धंच झालं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर! बाकीचं पाणी, ग्लुकोज, बरंचसं मीठ बारीक नलिका परत रक्तात ओढून घेतात. खरी करामत ही. उन्हातून घामाघूम होऊन आल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ना, तेव्हा मेंदूतून सुटलेलं एडीएच हे संप्रेरक नलिकांना आणखी पाणी राखून ठेवायला लावत असतं.

आणि मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी, हा नुसता पाइप नव्हे. तिचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत लघवी पुढे ढकलतात, म्हणून आडवं झोपलो तरी ती मूत्राशयात पोचते. मुतखडा तिथे अडकला की कमरेपासून जांघेपर्यंत कळ येते. माझ्या आईला रात्रभर तळमळताना पाहिलंय मी.