मदत हवी आहे: रायफलच्या काळ्या प्लॅस्टिक स्टॉकवर स्प्रेने कॅमोफ्लाज

गारठलेला_गडी
मंडळी, मुक्काम मिशिगन. रेमिंग्टन ७०० रायफल, .३०८ काडतुसाची, काळा प्लॅस्टिकचा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता). पकडीपाशी हात लागून लागून गुळगुळीत झालाय आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चांगलाच चमकतो. १५ नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, त्याआधी स्टॉक रंगवून घ्यायचाय. तयार कॅमो स्टॉक मिळतो, पण दोन-तीन स्प्रेच्या डब्यांत भागत असेल तर तेवढे पैसे कशाला घालवा?

क्रायलॉन कंपनीचे कॅमोफ्लाजचे स्प्रेचे डबे बघून ठेवलेत: खाकी, ब्राउन, ऑलिव्ह. प्लॅस्टिकवर आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर) लागतो का? स्टॉक सोडवून रंगवायचा की सगळं टेपने झाकून जागच्या जागी? आणि डिझाइन कसं काढायचं? कुणी पानं ठेवून मारतं, कुणी स्पंजाने, कुणी जाळीतून. चित्रकलेत मी शाळेपासून काठावर पास, हे लक्षात ठेवून सांगा.

झाडबुंधा
सोडवूनच रंगवा. आधी बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे का ते डोळ्यांनी आणि बोटाने बघा, मग खालचे दोन स्क्रू काढले की बॅरल-ॲक्शन (नळी आणि तिला जोडलेली यंत्रणा) वेगळं होतं. जागच्या जागी रंगवणाऱ्यांचा रंग हमखास ट्रिगरच्या फटीत शिरतो.

ॲक्शन जिथे बसतं ती स्टॉकच्या आतली खाच आणि बॅरलची पन्हळ टेपने बंद करा, वर कागदाचे बोळे कोंबा. तिथे रंगाचा थर चढला की ॲक्शन पहिल्यासारखं बसत नाही. पन्हळीत रंग साचून बॅरलला टेकला तर नेम हलतो. मागचं रबरी पॅड आणि पट्ट्याच्या कड्यासुद्धा झाका. जोडताना स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (तेवढ्याच जोराने) आवळा आणि नंतर रेंजवर जाऊन झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते तपासा. रंग उत्तम झाला तरी हे चुकवू नका.

प्रायमर नको, ते डबे प्लॅस्टिकवर थेट बसतात. सगळी मेहनत सफाईत आहे. बंदुकीचं तेल मुरलेलं असतं, म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, वाळल्यावर घासणीने घासून सगळीकडची चमक घालवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. ॲसिटोन वापरू नका, काही प्लॅस्टिक त्याने विरघळतं.

डब्बल_कोट
मी पुण्यात रणगाड्यांची मॉडेल्स करतो, खरी रायफल आयुष्यात हातात धरलेली नाही. पण स्प्रेचा डबा तोच. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, स्टॉकच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचं. पहिल्या हातात खालचा काळा दिसत राहिला तर दिसू दे. एका दमात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दुसरा हात कधी मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. अर्धवट वाळलेल्यावर मारला तर खालचा थर सुरकुततो.

आणि ऑक्टोबरात तुमच्याकडे गारठा ना? १० अंशांच्या खाली हे रंग नीट बसत नाहीत. दुपारचं ऊन गाठा. डबा कोमट पाण्यात ठेवला तर चालतो, गरम पाण्यात कधीच नाही. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर तिथे स्प्रे अजिबात नको, वाफ पेटते. तोंडाला साधा धुळीचा मास्क पुरत नाही, रंगाच्या वाफेचा फिल्टर असलेला घ्या.

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. तिथे शिकारीला केशरी टोपी किंवा जाकीट सक्तीचं आहे ना? मग डोक्यावर केशरी आणि हातात कॅमो, हे कशासाठी?

झाडबुंधा
@शंकासुर, हरणाला लाल-केशरी आपल्यासारखं दिसत नाही, त्याच्या डोळ्यात दोनच प्रकारचे रंगग्राही शंकू असतात. केशरी माणसांसाठी आहे, दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये म्हणून. हरणाला हालचाल कळते, चमक कळते आणि वाऱ्यावरचा वास तर फारच कळतो. तेव्हा खरं सांगायचं तर नुसता मॅट खाकी मारला तरी गारठलेल्या गड्याचं निम्म्याहून जास्त काम होईल. बाकीची हौस.

गारठलेला_गडी
हौस तर आहेच हो! मग हौसेपुरतं डिझाइन सांगा.

झाडबुंधा
आधी सगळीकडे खाकी. नोव्हेंबरात पानगळ झालेली असते, वाळकं गवत आणि करड्या साली, त्यामुळे ऑलिव्हचा हात आखडता ठेवा. खाकी पूर्ण वाळला की ब्राउनचे तळहाताएवढे, तिरके पट्टे मारा, कडेवर न थांबता खालच्या बाजूला वळणारे. स्टॉकची सरळ कड तुटली पाहिजे, मुद्दा तोच. मग वाळक्या गवताच्या काड्या किंवा नेच्याचं पान घट्ट दाबून धरा आणि वरून ऑलिव्हचा हलका फवारा. पान उचललं की खालचा रंग पानाच्या आकारात राहतो.

कांद्याच्या जाळीच्या पिशवीतून मारलेलं सापाच्या कातडीसारखं डिझाइन फोटोत झकास दिसतं, पण पन्नास पावलांवरून ते सगळं मिसळून एकच गडद रंग होतो. बारीक नक्षीचा हाच घोटाळा. प्रत्येक थरानंतर स्टॉक कुंपणाला टेकवून लांबून बघा. बहुतेकांचा स्टॉक शेवटी फार काळपट होतो, कारण "अजून थोडं" म्हणत हात थांबत नाही. आणि चुकलं तर? वरून परत खाकी.

डब्बल_कोट
शेवटी मॅट क्लिअरचा (न चमकणाऱ्या पारदर्शक थराचा) पातळ हात. चुकून ग्लॉस आणू नका, नाहीतर पुन्हा चमक. पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या, बोटाला कोरडा लागला म्हणजे झालं असं नाही.

झाडबुंधा
क्लिअर मारला तरी दोन गोष्टी जपा. बॅरल साफ करायचं सॉल्व्हंट स्टॉकवर ओघळू देऊ नका. आणि डीट (डास पळवणारं रसायन) असलेला डासांचा स्प्रे हाताला लावून रायफल धरू नका, रंग चिकट होऊन निघून येतो.

गारठलेला_गडी
मंडळी, खूप आभार. येत्या शनिवारी ऊन आहे म्हणतात, अंगणातच करतो. शेवटचं एक: स्कोपही (वरची नेमाची दुर्बीण) त्याच रंगात घेऊ का? तोही चमकतो.

झाडबुंधा
स्कोप नको. काचेवर किंवा नॉबच्या आकड्यांवर रंग गेला तर निस्तरणं अवघड, विकताना किंमतही पडते. त्याला कापडी कॅमो टेप गुंडाळा, स्वतःलाच चिकटणारी मिळते, गोंद राहत नाही. सीझन संपला की टेप काढून ठेवा, ओली राहिली तर खाली ओल साचते. आणि पुढेमागे ॲक्शनवर रंग मारायची लहर आली, तर सिरियल नंबर आधी झाका.