शिकागो कब्सवर तुमचा जीव जडला तो कसा? (अनुभव धागा)

बेसबॉलचा मोसम तोंडावर आलाय आणि आमच्या घरात कब्सशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून हा धागा काढते.

मी एव्हन्स्टनची. मला बेसबॉल आवडायला लागला तो कब्समुळे. एका मोसमात १६२ सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना. संध्याकाळी कुकर लावताना रेडिओ लावायचा आणि भांडी घासून होईपर्यंत तो चालू ठेवायचा. आज हरले तर उद्या परत आहेच. हे रोजचं असणं मला फार प्रिय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कब्स १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाअखेरची अंतिम मालिका, जिंकले आणि त्यानंतर थेट २०१६ मध्ये. मध्ये १०८ वर्षं. १९४५ नंतर २०१६ पर्यंत तर त्यांना वर्ल्ड सिरीज गाठताही आली नाही. तरी मैदान भरत राहिलं, आजोबा नातवंडांना घेऊन जात राहिले. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनाही या टीमने ओढून घेतलं. तुम्हाला कोणी ओढलं? शेजाऱ्याने, मुलाने, एखाद्या खेळाडूने? सविस्तर लिहा. लांब झालं तरी चालेल.

ओक पार्कहून

मी सत्तरच्या दशकात आलो. प्रयोगशाळेत रात्रपाळी असायची. रिग्लीवर तेव्हा दिवे नव्हते, ते १९८८ मध्ये लागले. तोवर घरचे सगळे सामने दुपारीच व्हायचे. मी झोपून उठायचो आणि चॅनल ९ वर सामना सुरू व्हायचा. घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. जिन्यावर पावलं वाजली की हाक मारायचे.

त्यांनी मला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक जागेला एक आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजाच्या मागचा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आउटफिल्डचे, म्हणजे लांब उभे असणारे, तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं फक्त ६-४-३. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक (चुकवलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) होऊन फलंदाज बाद, तर इंग्रजी 'के'. बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक सोडला असेल तर तोच 'के' उलटा काढायचा. असं भरलेलं कार्ड वाचता यायला लागलं की वीस वर्षांपूर्वीचा सामनासुद्धा डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहतो.

१७ मे १९७९ चं कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्या दिवशी वारा मैदानातून बाहेरच्या दिशेने सुटला होता. फिलाडेल्फिया फिलीज एका वेळी २१-९ ने पुढे होते. आठव्या इनिंगअखेर स्कोअर २२-२२! दहाव्या इनिंगमध्ये त्यांच्या माइक श्मिटने होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारली आणि आपण २३-२२ ने हरलो. दोन्ही टीमच्या मिळून ११ होम रन. चौकटींत धावा मावेनात, म्हणून घरमालकांनी दुसरं कार्ड खाली चिकटवलं. सामना संपल्यावर ते हात चोळत म्हणाले, "उद्या पुन्हा." तेव्हापासून मी कब्सचा.

कॅन्सस, आता डॅलसहून

शिकागोत मी कधी राहिलो नाही. १९८४ मध्ये कॅन्ससमधल्या एका लहान गावात एम.एस. करत होतो. आजूबाजूला मराठी बोलणारं कोणी नाही, फोन महाग, पत्राला दोन-दोन आठवडे लागायचे. पण केबलवर शिकागोचं डब्ल्यूजीएन चॅनल दिसायचं आणि दुपारी त्यावर कब्स असायचे. देशभरात कब्सचे एवढे चाहते आहेत त्याचं मोठं कारण हे चॅनल. समालोचनाला हॅरी कॅरे. त्यांचा खर्जातला आवाज खोलीत घुमायला लागला की परकं वाटेनासं व्हायचं.

२३ जून १९८४. त्या दिवशीचा सामना राष्ट्रीय प्रक्षेपणात होता, समोर सेंट लुइस कार्डिनल्स. नवव्या इनिंगमध्ये कब्स एका धावेने मागे, आणि पिचर ब्रूस सटर, जो आधी आपलाच होता. त्याचा चेंडू फलंदाजाजवळ येऊन धप्पकन खाली बसायचा, भल्याभल्यांना लागत नसे. कब्सच्या राइन सँडबर्गने त्याला होम रन मारून बरोबरी केली. दहाव्यात कार्डिनल्स दोन धावांनी पुढे गेले. दोन बाद झालेले, एक खेळाडू बेसवर, समोर पुन्हा सटर, आणि सँडबर्गची पुन्हा होम रन! पुन्हा बरोबरी! अकराव्यात कब्स १२-११ ने जिंकले. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात आम्ही अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होतो.

त्या वर्षी कब्स १९४५ नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत गेले आणि सॅन डिएगोकडून २-० अशा आघाडीवरून ३-२ ने हरले. तरी १९८४ म्हटलं की मला आधी तो जूनचा दिवसच आठवतो. २०२५ च्या जुलैमध्ये सँडबर्ग गेला. माझ्या मुलीचा नॅशव्हिलहून लगेच फोन आला. लहानपणी तिच्या खोलीत २३ नंबरचा शर्ट टांगलेला असायचा.

रोज रेड लाइनने जाणारी

रिग्लीचा जुना स्कोअरबोर्ड १९३७ पासून आहे आणि त्यावरचे आकडे अजूनही आत बसलेली माणसं हाताने बदलतात. सामना संपला की वर झेंडा चढतो. जिंकलो तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरलो तर निळ्यावर पांढरा एल. ॲडिसन स्टेशनजवळ गाडी आली की डब्यातली निम्मी डोकी तिकडे वळतात. पांढरा झेंडा दिसला की माझा दिवसभराचा शीण उतरतो!

ऑरोराहून

माझ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. घरात बरेच दिवस सुतकासारखं वातावरण होतं. दवाखान्यातल्या नर्सने त्याला विचारलं, "तुला रॉन सँटो माहीत आहे का?"

सँटो साठच्या दशकातला कब्सचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. अठराव्या वर्षी त्याला हाच आजार असल्याचं कळलं. संघातून काढतील या भीतीने त्याने तो बरीच वर्षं लपवला. तेव्हा घरी साखर मोजायचं यंत्रच नव्हतं. अंगाला काय वाटतंय त्यावरून अंदाज बांधायचा आणि डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकापाशी, चॉकलेट ठेवायचं. अशा अवस्थेत तो ३४२ होम रन मारून गेला, उत्तम क्षेत्ररक्षणाचे ५ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. १९७१ मध्ये रिग्लीवर त्याच्या सन्मानाचा दिवस झाला, तेव्हा त्याने लोकांना उघडपणे सांगितलं. पुढे मधुमेहाने त्याचे दोन्ही पाय नेले, तरी रेडिओवर समालोचन करत राहिला. कब्सने धाव काढली की तो ओरडायचा, घोळ केला की कण्हायचा, अगदी घरच्या माणसासारखा. मधुमेहाच्या संशोधनासाठी त्याने आयुष्यभर पैसा उभा केला. डिसेंबर २०१० मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. ती त्याला बघायला मिळाली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाने हे सगळं वाचून काढलं आणि त्याच्या शाळेतल्या भाषणाचा विषय सँटोच. आम्ही रिग्लीवर जातो तेव्हा डाव्या फाउल पोलवर (मैदानाच्या सीमेवरच्या खांबावर) त्याच्या १० नंबरचा झेंडा फडफडत असतो. मुलगा तो आधी शोधतो, मग दंडावरच्या सेन्सरचा आकडा मोबाइलवर बघतो, मग खातो. तो आता हायस्कूलच्या टीममध्ये तिसऱ्या बेसवरच खेळतो.

नेपरविलहून

२०१६ ची वर्ल्ड सिरीज आमच्या दिवाळीतच आली. क्लीव्हलंड ३-१ ने पुढे. अजून एक हरलो की संपलं. रविवारी, ३० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला घरी वीस माणसं, आणि त्याच संध्याकाळी रिग्लीवर पाचवा सामना. आरती झाल्या झाल्या सगळे टीव्हीपुढे. डेव्हिड रॉसच्या ग्लव्हमधून उडालेला झेल बाजूच्या रिझोने टिपला तेव्हा भावजींच्या हातातली करंजी गालिच्यावर! चॅपमनने शेवटचे आठ गडी काढले, ३-२ ने जिंकलो. भाऊबिजेच्या दिवशी सहावा सामना ९-३. आणि २ नोव्हेंबरला सातवा.

ती रात्र कशी सांगू? फाउलरने सुरुवातीलाच होम रन मारली. ५-१ ने पुढे होतो. रॉस ३९ वर्षांचा, कारकिर्दीतला शेवटचा सामना, त्यानेही होम रन मारली. सगळं आपल्या बाजूने. आणि आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसच्या होम रनने ६-६. खोलीत कोणी बोलेना. नऊ इनिंग झाल्या आणि पाऊस आला. १७ मिनिटं खेळ थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डने सगळ्या खेळाडूंना एका खोलीत गोळा करून धीर दिला, हे आम्हाला नंतर कळलं. परत आल्यावर झोब्रिस्टचा डाव्या रेषेलगतचा डबल (दोन बेसचा फटका), मग मोंटेरोचा फटका, ८-६. त्यांनी एक धाव काढली, ८-७. शेवटचा चेंडू ब्रायंटकडे गेला. त्याचा पाय घसरला, तरी त्याने रिझोकडे अचूक फेकला. झालं. १०८ वर्षं संपली.

माझे सासरे, आमचे अण्णा, १९७१ मध्ये इथे आले आणि कब्सचे झाले. २०१५ मध्ये गेले. त्या दिवसांत लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते. आम्हीही गेलो. वेव्हलंडच्या बाजूला हाताला लागेल तिथवर भिंत भरून गेली होती, कोणी कोणाच्या खांद्यावर चढून लिहीत होतं. मुलीने निळ्या खडूने देवनागरीत 'अण्णा' लिहिलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आपल्या आईचं नाव लिहीत होते. त्यांचा खडू संपला, तर आमचा अर्धा मोडून दिला. ४ तारखेच्या मिरवणुकीला शहराच्या अंदाजाने पन्नास लाख लोक होते आणि नदीचं पाणी निळं केलं होतं. आम्ही सगळे अण्णांच्या टोप्या घालून गेलो होतो. त्यांच्याकडे भरपूर होत्या.

पुण्याहून, कोथरूड

परत येऊन काही वर्षं झाली, कब्स सुटले नाहीत. तिकडचा दुपारी १.२० चा सामना इथे रात्री ११.५० ला सुरू होतो आणि संध्याकाळचा पहाटे साडेपाचच्या सुमारास. दुसरा सोयीचा. चहा, सामना, आंघोळ, ऑफिस. मार्च २०२५ मध्ये कब्स टोकियोत लॉस एंजेलिस डॉजर्सशी खेळले तेव्हा मात्र सामना भरदुपारी आला. सुट्टी टाकून बघितला. आपला पिचर इमानागा, त्याने चार इनिंग एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) दिला नाही. हरलो, पण अशी पिचिंग बघायला मिळाली याचंच समाधान. इथे आणखी कोणी पहाटे उठणारे आहेत का? कळवा, एकत्र बघू.

शिकागोच्या दक्षिण भागातून

मी व्हाइट सॉक्सवाला, शिकागोच्या दुसऱ्या टीमचा. आम्ही २००५ मध्ये जिंकलो, १९१७ नंतर पहिल्यांदा, आणि तो आनंद माझ्यासाठी सगळ्यात मोठा. पण धागा वाचून राहवलं नाही. सँटोबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

शॉमबर्गहून

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. दुपारी एकटी बसायची, म्हणून मी सामने लावून द्यायला लागलो. तिला आधी आवडली ती भिंत. रिग्लीच्या आउटफिल्डची विटांची भिंत वेलीने झाकलेली आहे, १९३७ मध्ये लावलेल्या. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या, जूनमध्ये हिरवीगार. चेंडू त्या पानांत अडकला की खेळाडूने दोन्ही हात वर करायचे. मग पंच फलंदाजाला दोनच बेस देतात. पण त्याने पानांत हात घालून शोधायला सुरुवात केली तर चेंडू जिवंत धरला जातो आणि फलंदाज पळतच सुटतो. आईला हा नियम पहिल्याच आठवड्यात पाठ. एका नवख्या खेळाडूने हात घातला तशी ती सोफ्यावरून ओरडली, "अरे, हात वर कर, वर!" आता साताऱ्याहून फोन आला की तब्येतीच्या आधी विचारते, "वेल फुटली का?"

एव्हन्स्टनहून पुन्हा

किती छान लिहिताय सगळे! दोघातिघांनी विचारलंय की पहिल्यांदा मैदानात जाताना काय बघायचं, त्यांच्यासाठी सांगते.

एप्रिलमध्ये सरोवरावरून येणारा वारा हाडं गोठवतो, जाड जॅकेट हवंच. छताखालच्या मागच्या रांगांत ऊन पोचत नाही आणि मध्ये खांब येतात, तिकीट काढताना ते तपासा. ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डमागच्या उघड्या बाकांवर, ऊनही मिळतं आणि गप्पाही. घरचं खाणं आत नेता येतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी नेतो, शेजारच्या रांगेलाही पुरतील एवढ्या. समोरच्या टीमची होम रन तुमच्या हातात आली तर चेंडू मैदानात परत फेकायचा, तिथली तशी रीत आहे. सातव्या इनिंगच्या मध्याआधी निघू नका. सगळं मैदान उभं राहून गातं. हॅरी कॅरे समालोचनाच्या खिडकीतून गायचे, १९९८ मध्ये ते गेल्यापासून दर सामन्याला नवा पाहुणा गातो.

आणि कार्डिनल्सविरुद्धची तिकिटं आत्ताच काढून ठेवा. सेंट लुइसहून लाल शर्ट घालून गाड्या भरभरून येतात. आपण निळ्यात जायचं आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचं.