मदत हवी आहे : होडीच्या मोटरची वायर तापतेय, बॅटरी नक्की ठेवू कुठे?

मंडळी, देवबागला आमची १२ फुटी फायबरची होडी आहे, कर्ली खाडीत गळ टाकायला जायचं एवढंच काम, समुद्रात नेत नाही. वल्हं मारून खांदा कामातून गेला म्हणून दिवाळीत १२ व्होल्टची, ५५ पाउंड जोराची ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर होडी ढकलणारी छोटी मोटर) घेतली, मागच्या फळीला लावली. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरचीच, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, उचलायला दोघं लागतात.

आता मोटर मागे, बॅटरी मागे आणि मीपण मागे, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे बघते आणि मागची कड पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर. भाऊ म्हणाला बॅटरी पुढे ने. नेली, होडी सरळ झाली, पण वायर दहा फूट वाढवावी लागली, घरात ६ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) पडली होती तीच पिळून जोडली, वर टेप. परवा ओहोटीच्या ओढीला फुल्ल स्पीडवर घातली तर पाच-सात मिनिटांत जोडावरची टेप विरघळून बोटाला चिकटली. वल्हं मारतच परत आलो.

घरात ६३ अँपचा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) आहे, तो मध्ये लावला तर चालेल? की बॅटरीच मागे आणू?

प्रतिसाद : मागे अजिबात नको, मधल्या बसायच्या फळीखाली ठेवा आणि पट्ट्याने आवळा, ट्युब्युलर उंच असते, लाटेला कलंडेल. ही मोटर फुल्लला ५० अँपच्या आसपास खेचते, जाऊन-येऊन वीस फुटात ६ स्क्वेअरमध्ये पाऊण व्होल्टाहून जास्त वाटेतच जातो. १६ स्क्वेअर घ्या, कल्हई केलेल्या तांब्याची, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. मध्ये जोड नको, टोकांना लग (तांब्याची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). घरचा एमसीबी एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा, बॅटरीच्या डीसीची ठिणगी त्याच्याने तुटेलच असं नाही, ६० अँपचा डीसी ब्रेकर घ्या आणि बॅटरीपासून वीतभरातच बसवा. बॅटरी पेटीत ठेवलीत तर पेटीच्या झाकणाला भोकं ठेवा, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन कोंडला तर वाईट. आणि १५० एएच म्हणजे फुल्लवर तीन तास असं धरून लांब जाऊ नका, तो आकडा हळूहळू वापरण्याचा असतो.

धागाकर्ता : आभारी आहे दादा. एसी-डीसीचं डोक्यातच नव्हतं. उद्या कुडाळला वायर बघतो, लग क्रिंप करून देणारं तिकडे कोणी असेल तर सांगा. तोवर बॅटरी परत इन्व्हर्टरला, लाइट गेली की घरचे माझ्या नावाने डास मारतायत.