ग्रीसची बेटं फिरताना कोणतं गाईडबुक कामी आलं? तुमचे अनुभव सांगा

सप्टेंबरात आम्ही दोघं ग्रीसला निघालोय. पंधरा दिवस, चार-पाच बेटं. दुकानात तीन जाडजूड गाईडबुकं चाळली आणि एकही न घेता परत आले. व्हिसाच्या कागदपत्रांत रोजचा मुक्काम दाखवायचा, म्हणजे बेटांचा क्रम आधी ठरायला हवा. आणि तो ठरवायला कोणतं पुस्तक घ्यावं हेच कळेना. जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा: कोणतं पुस्तक घेतलंत, त्यातलं कोणतं पान खरंच उपयोगी पडलं, कुठे पुस्तकामुळे अडलं? मोबाईलवर सगळं मिळतं, पण मला पेन्सिलीने खुणा करत ठरवायला आवडतं.

पुणे

ताई, पुस्तक घेताना आधी बोटींच्या मार्गांचा नकाशा आहे का ते बघा. आम्ही पहिल्या आराखड्यात सँटोरिनीनंतर लगेच झाकिंथॉस टाकलं होतं, कारण दोन्हीचे फोटो आवडले होते. नकाशा पाहिल्यावर डोळे उघडले. एक एजियन समुद्रात, दुसरं पार पश्चिमेला आयोनियन समुद्रात. झाकिंथॉसची बोट किलिनी नावाच्या वेगळ्याच बंदरातून सुटते. मग आम्ही रफ गाईड्सचं घेतलं (ही मालिकाच १९८२ साली ग्रीसच्या पुस्तकाने सुरू झाली). त्यात बेटं गटागटाने लावलेली आहेत. त्यावरून अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटणाऱ्या एकाच मार्गावरची पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी ही बेटं धरली आणि सगळं सुटसुटीत झालं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जुलै-ऑगस्टात तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आम्ही नॅक्सोसला होतो. आभाळात ढगाचा ठिपका नाही, लख्ख ऊन, आणि धक्क्यावरच्या खानावळीचे वेटर टेबलक्लॉथना चिमटे लावत होते. आपल्याकडे समुद्र खवळला की आभाळही भरून आलेलं असतं, त्यामुळे बोट रद्द झाल्याचं कळलं तेव्हा विश्वासच बसेना. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढा. ते ऐकलं म्हणून विमान चुकलं नाही. ज्या पुस्तकात वाऱ्याबद्दल दोन ओळीही नाहीत ते घेऊ नका, असं मी तरी सांगेन.

कोल्हापूर

आवृत्तीचं साल बघा. २०१६ ला गेलो तेव्हा मित्राचं २००९ सालचं पुस्तक नेलं होतं. त्यात सँटोरिनीचं अक्रोतिरी बंद असल्याचं लिहिलं होतं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं कांस्ययुगीन शहर आहे ते. २००५ मध्ये तिथलं छप्पर कोसळल्यामुळे ते बंद होतं, पण २०१२ मध्ये पुन्हा उघडलं होतं. आम्ही त्याच रस्त्याने पुढे लाल किनाऱ्यावर जाऊन आलो, पण आत गेलो नाही. अजून हळहळ वाटते.

नागपूर

आम्ही शाकाहारी, बरोबर सासूबाई. मी पुस्तक निवडलं ते शेवटच्या खाण्याच्या शब्दसूचीवरून. त्यात 'निस्तीसिमो' हा शब्द सापडला, म्हणजे तिकडचं उपवासाचं. मांस, दूध, अंडं नाही. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतं, म्हणून तेवढं वेगळं विचारायचं. सँटोरिनीला फावा आला: पिवळी डाळ घोटून, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं घट्ट वरण!" सँटोरिनीच्या फाव्याचं झाड आपल्या लाखोळीच्याच कुळातलं आहे, हे मला नंतर कळलं. त्यानंतर रोज फावा आणि भात भरलेले टोमॅटो.

नाशिक

वडील बहात्तर वर्षांचे, इंग्रजी वाचायचा कंटाळा. त्यांच्यासाठी डीके आयविटनेसचं घेतलं. इमारती आतून उलगडून दाखवणारी चित्रं असतात त्यात. महिनाभर बाबा रोज रात्री भिंग घेऊन बसायचे. प्राचीन अवशेषांचं डेलॉस बेट त्यांनीच निवडलं. तिथे रात्री राहता येत नाही, म्हणून शेजारच्या मिकोनोस बेटावर मुक्काम केला. पुस्तक जड होतं, ते घरीच ठेवलं. हवी ती पानं झेरॉक्स करून नेली.

लंडन

मी दुकानात एकच परीक्षा घेते. सँटोरिनीचं पान उघडत नाही, अमोर्गोसचं उघडते. त्या बेटाला दोन बंदरं आहेत, कातापोला आणि एयियाली, एकमेकांपासून बरीच लांब. चुकीच्या बंदराजवळ खोली घेतली तर रात्री उशिरा उतरल्यावर हाल होतात. हे ठळक सांगणारं पुस्तक मी घेते. नॅक्सोसहून कूफोनिसियासारखी चिमुकली बेटं करत अमोर्गोसला जाणारी 'स्कोपेलितिस' ही छोटी बोट त्यात आहे का, तेही बघते. आणि बऱ्याच बेटांवर मुख्य गावाला 'होरा'च म्हणतात, तेव्हा खुणा करताना बेटाचं नावही लिहा. वेळापत्रक मात्र पुस्तकातून घेऊ नका, ते दर हंगामाला बदलतं.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत दुकानात गेले, अमोर्गोसचंच पान उघडलं आणि दोन्ही बंदरं सांगणारं पुस्तक घेऊन आले. पेन्सिलीने लिहिलंय: पिरेअस, नॅक्सोस चार रात्री, कूफोनिसिया दोन, अमोर्गोस तीन, सँटोरिनी तीन, शेवटची रात्र अथेन्स. पहाटेच्या बोटीसाठी कातापोला बरं पडेल की एयियाली, तेवढं लंडनच्या ताईंनी सांगावं.