फास्टॅगच्या मेसेजवरून नवऱ्यावर संशय. आधी विचारू की आधी वकील गाठू?

गाडी माझ्या नावावर आहे, त्यामुळे टोलचे मेसेज माझ्या मोबाईलवर येतात. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत. गेल्या दोन महिन्यांत चार गुरुवारी दुपारी पुणे-सातारा रस्त्यावरचा खेड-शिवापूर टोल कापला गेला, परतीचा रात्री आठच्या सुमारास. घरी आल्यावर मात्र "आज मीटिंगांनी जीव खाल्ला". त्या चारही दिवशी डबा न उघडता परत आला, पोळ्या पार वातड.

एकदा सहज विचारलं, तर "टोलवाल्यांचा घोळ असेल" म्हणाला. एकदा घोळ होईल हो, चारदा? स्टेटमेंट काढून तारखा ताडून पाहिल्या, जुळतात. त्याचा फोन उघडलेला नाही, उघडणारही नाही. डिटेक्टिव्हचा सल्लाही कृपया नको.

सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानंतर व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, पण हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण आहे, एवढं वाचलंय. घटस्फोटच हवा असंही नाही. आधी खरं काय ते कळू दे. कदाचित दुसरंच काही असेल, नोकरी गेली असेल.

मुलगी दहावीला आहे, मार्चपर्यंत घरात तमाशा नको. सासूबाई आमच्याकडेच असतात. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज चालू. माझी नोकरी आहे. माहेरी अजून काही बोललेले नाही.

स्टेटमेंट आत्ताच समोर ठेवलं तर तो सावध होईल का? की आधी वकिलाला भेटून कागद नीट करावेत? आणि ज्यांनी सरळ विचारलं, त्यांनी पहिला प्रश्न नेमका काय विचारला?