वाड्याचं एवढं वर्णन करूनही वाचक गोंधळतो, काय करावं?

ओसरी:
माझी कथा जुन्या वाड्यात घडते. पहिलं दीड पान वर्णनच आहे: नक्षीचे खांब, काळवंडलेल्या तुळया, दगडी जोतं. तरी वाचणारे विचारतात, विहीर कुठे? सदू आत आहे की बाहेर? वर्णन वाढवू का?

बोरू:
उलट कमी करा. वाचकाच्या डोक्यात वाक्यं टिकत नाहीत, मांडणी टिकते. ब्रान्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ चा प्रयोग बघा. लोकांना ऐकवलं: तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्याखालून मासा पोहत गेला. नंतर ‘ओंडक्याखालून मासा गेला’ हेच ऐकलं होतं, असं त्यांना वाटलं. वाक्यात कासवं ओंडक्याशेजारी बसवल्यावर मात्र फरक ओळखता आला, कारण मग मासा कासवांखालून गेला तरी ओंडक्याखालून गेला असं होत नाही. तुमचे खांब कसे दिसतात ते कळतं, कशाच्या पुढे-मागे आहेत ते कळत नाही.

आणि वाचकाला उभं कुठे करायचं ते आधी ठरवा. ‘सदू माजघरात आला’ म्हटलं की वाचक माजघरात असतो, ‘गेला’ म्हटलं की बाहेरच राहतो. एका परिच्छेदात दोन्ही आलं तर तो हरवणारच.

परसदार:
साहित्य-अभ्यासक मारी-लॉर रायन यांनी १९८० मध्ये मांडलेलं तत्त्व इथे फार उपयोगी आहे: वेगळं सांगितलं जाईपर्यंत वाचक कथेतलं जग आपल्या जगासारखंच धरतो. विहीर म्हटली की तो ती परसात खोदून मोकळा होतो. तुमची विहीर माजघरात असेल तर पहिल्या उल्लेखातच सांगा. तिसऱ्या पानावर सांगितलंत तर आधीचे सगळे प्रसंग त्याला पुन्हा रचावे लागतात, आणि बरेच जण ते करतच नाहीत.

ज्यांनी वाडा पाहिलेला नाही, त्यांना ‘माजघर’ शब्दातून काही दिसत नाही. ‘माजघरात भरदुपारीही दिवा लागे’ एवढ्यावर काम भागतं.

बोरू:
वस्तूंचंही तेच. ग्लेनबर्ग, मेयर आणि लिंडेम यांनी १९८७ मध्ये दाखवलं की पात्राने अंगात घातलेला कपडा वाचकाच्या मनात जवळ राहतो, काढून ठेवलेला मागे पडतो. शेवटी कंदील लागणार असेल तर तो सदूच्या हातातच असू द्या, नाहीतर मध्ये एकदा आठवण करून द्या.

तपासायचं असेल तर दोन-तीन जणांना पहिलं पान वाचायला द्या, मग ते काढून घ्या आणि वाड्याचा नकाशा काढायला सांगा. नकाशे जिथे जुळत नाहीत आणि कथानक तिथेच अडतं, तिथे एक वाक्य घाला. बाकी खांब ज्याला जसे दिसतील तसे दिसू देत.